वीस तारखेचा अर्ज

मॅडमनी खिडकी लावली आणि माझी अक्षरं दिसेनाशी झाली.

"अंधार झाला, मॅडम," मी म्हटलं.

"थोडा वेळ चालवून घ्या, द्वारकाबाई. तिला उजेड सहन होत नाहीये."

ती म्हणजे रेहेमा. टांझानियाहून शिकायला आलेली, एकवीसेक वर्षांची उंच मुलगी. मॅडमच्या खुर्चीत, मॅडमचाच रुमाल डोळ्यांवर घेऊन ती मागे रेलून बसली होती. मॅडम बाकड्यावर बसल्या होत्या. मी माझ्या स्टुलावर, मांडीवर वही उघडून. पान जोडाक्षरांचं होतं आणि त्यातलं एकही मला आता ओळखू येत नव्हतं.

मॅडमनी डब्यातून मोसंबं काढलं, सोललं आणि त्या एकेक फोड रेहेमाच्या तळहातावर ठेवायला लागल्या. ती न बघता खात होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. काटे मला अक्षरांच्या आधीपासून कळायचे. पावणेदोन. दोनला भाऊसाहेब जेवून परत येणार. माझी शाळा दीड ते दोन एवढीच, आणि त्यातली अर्धी मोसंब्यात गेली होती.

आमचा कक्ष म्हणजे पुण्यातल्या एका कॉलेजात लायब्ररीच्या मागच्या दोन खोल्या. परदेशी मुलांचे कागदपत्र तिथे चालायचे. देवस्थळी मॅडम त्या मुलांच्या सल्लागार. गायधनी नावाचे क्लार्क होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. आणि मी शिपाई. माझे मालक याच कॉलेजात शिपाई होते. ते गेल्यावर मला त्यांच्या जागी घेतलं, पण सहा वर्षं झाली तरी कायम केलं नव्हतं. मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि रोज सकाळी हजेरीपत्रकावर अंगठा उठवत होते. भाऊसाहेब शाईचं पॅड पुढे सरकवून म्हणायचे, "या कुंजीरबाई, काढा सुवाच्य अक्षर." मग स्वतःच हसायचे. अंगठा पुसायला मी कमरेला फडकं खोचून ठेवलेलं असायचं.

मॅडमनी हे बघितलं आणि संक्रांतीनंतर मला शिकवायला घेतलं. कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. दसऱ्याला पाटीपूजन करायचं आणि दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी पॅड पुढे केलं की ते बाजूला सारून पेन मागायचं. "त्यांचं तोंड बघायला मी दारात उभी राहणार," मॅडम म्हणायच्या. आम्ही दोघी त्यावर किती हसलो असू.

आता ती पोरगी मधे आली होती.

रेहेमा उठली. जाता जाता माझ्यासमोर थांबली, गुडघे थोडे वाकवले आणि म्हणाली, "शिकामो, मामा."

"काय म्हणते ही?"

"त्यांच्याकडे मोठ्या माणसाला असं म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "पाया पडते, असा अर्थ. मामा म्हणजे त्यांच्यात आई. मोठ्याने उत्तर द्यायचं असतं, मराहाबा."

"तुम्हाला नाही म्हणत ती?"

"मला गुड आफ्टरनून. मी इंग्रजीवाली ना!" मॅडम हसल्या.

रेहेमा उत्तराची वाट बघत उभी होती. मी वहीत बघितलं. मग ती गेली.

पुढे ती रोज यायला लागली. तिचं काय झालं होतं ते मला मॅडम आणि भाऊसाहेबांच्या बोलण्यातून कळलं. जुलैत मैत्रिणीच्या स्कूटरवरून पडून तिचं डोकं आपटलं होतं. रक्त नाही, खोक नाही, वरून धडधाकट. पण दहा मिनिटं वाचलं की ओळी हलायच्या आणि उलटी व्हायची. वार, तारखा लक्षात राहायच्या नाहीत.

"तिला पाचऐवजी दोनच विषय ठेवायला हवेत या सत्रात," मॅडम म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, व्हिसा पूर्णवेळ शिक्षणाचा आहे. दोन विषयांचा पूर्णवेळ कसा होईल?"

"आजारपणात होतो. डॉक्टरांचं पत्र जोडायचं आणि मुदतीत अर्ज करायचा. आधी परवानगी घ्यायची, मग वर्ग सोडायचे. मुलं उलटं करतात, तिथेच फसतात."

"आणि मुदत चुकली तर?"

"तर तीन विषयांत ती गैरहजर. पूर्णवेळ विद्यार्थिनी म्हणून कॉलेजला दाखला देता येत नाही. दाखला नसला की राहण्याची मुदत वाढत नाही. ऑक्टोबरअखेर तिला घरी जावं लागेल."

"जाईल की मग. आईबापांकडेच जायचं आहे."

"भाऊसाहेब, स्वतःचं घर गहाण टाकावं तसं सगळं गाव तिच्यामागे उभं आहे. ती गावातली पहिली मुलगी आहे कॉलेजात आलेली."

मी कपात चहा ओतत होते. पहिली मुलगी! आमच्या पाड्यावरून शाळेत जाणारी पहिली मुलगी मी झाले असते. म्हशी होत्या, धाकटी भावंडं होती, मग लग्न. मला कुणी मोसंबं सोलून दिलं नव्हतं. माझ्या मनात यायचं, हिच्या डोक्यात लहानपणापासूनची एवढी पुस्तकं भरलेली, त्यातली दोन-चार सांडली तर काय बिघडलं? माझ्याकडे आत्ता कुठे चार ओळी जमा झाल्या होत्या.

दुपारी दीड वाजला की खिडकी बंद व्हायची. मॅडम हळू आवाजात तिला तिच्या पुस्तकातलं इंग्रजी वाचून दाखवायच्या. तिला डोळ्यांनी जमत नव्हतं, कानांनी जमायचं. मी बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. आत त्या काहीतरी बोलायच्या, हसायच्या. मला त्यातला एकच शब्द कळायचा, डिअर. मॅडम तिला डिअर म्हणायच्या आणि मला द्वारकाबाई. तेव्हा मला द्वारकाबाई हे नाव फार लांब वाटायला लागलं.

"तुम्ही रुसलात का?" मॅडमनी एकदा विचारलं.

"मी कशाला रुसू? मी काय लहान आहे?"

"थोडे दिवस तुमचं तुम्ही वाचा. तुम्हाला येतं आता."

येतं आता, म्हणजे गरज संपली. मी तसंच ऐकलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मॅडमनी कार्यालयासाठी एक सूचना लिहिली आणि भाऊसाहेबांच्या टेबलाशेजारच्या फळ्यावर टाचली. मोठ्या, सुट्या अक्षरात. जाता जाता मला हळूच म्हणाल्या, "ही तुमची परीक्षा. कुणाला न विचारता सगळी वाचायची."

पाच दिवस लागले. झाडताना एक शब्द, पाणी भरताना एक शब्द. 'विषय' आला. 'परवानगी' आला. 'स्वीकारावेत' यायला दीड दिवस गेला. सहाव्या दिवशी दीड वाजता मी फळ्यासमोर उभी राहिले, पदर नीट केला आणि मॅडमना म्हटलं, "ऐका."

"थांबा, मी बसते." त्या खरंच हात जोडून बाकड्यावर बसल्या.

मी वाचलं. "कमी विषय घेण्याची परवानगी मागणारे अर्ज वीस सप्टेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत स्वीकारावेत."

मॅडमचे डोळे भरले. "अगं बाई! पुढे?"

पुढची ओळ माझ्या ओठांवर होती. तेवढ्यात दारात रेहेमा दिसली, चौकटीला धरून उभी, चेहरा राखेसारखा. मॅडम उठल्या. "शाबास, द्वारकाबाई. पुढचं उद्या ऐकते हं," म्हणाल्या आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या. खिडकी लागल्याचा आवाज झाला.

पुढचं त्यांनी उद्या ऐकलं नाही. परवाही नाही. आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी पुरं वाचलं होतं आणि त्यातलं अर्धं माझ्या तोंडातच राहिलं.

वीस तारीख शुक्रवारी आली. मॅडम दुसऱ्या एका मुलाबरोबर पोलीस आयुक्तालयात गेल्या होत्या. जाताना भाऊसाहेबांना म्हणाल्या, "रेहेमा येईल. डॉक्टरांचं पत्र आज मिळणार आहे तिला. अर्ज घ्या आणि आवक शिक्का मारा."

"हो हो."

भाऊसाहेब तीन वाजता बँकेत गेले. साडेतीनला रेहेमा आली. रिक्षाने आली असावी, ओढणी डोळ्यांवर ओढलेली होती. हातात खाकी पाकीट.

"शिकामो, मामा."

मी टेबल पुसत राहिले. ती मोडकं हिंदी बोलायची, मधे आमच्याकडचा एखादा मराठी शब्द घालायची. मी इथे मराठीतच लिहिते.

"मॅडम?"

"नाहीत."

"भाऊसाहेब?"

"नाहीत."

"मला हे द्यायचंय." तिने पाकीट पुढे केलं. "आजच द्यायचं होतं ना? मॅडमनी मला लिहून दिलं होतं, ते मी हरवलं. वीस का पंचवीस, ते डोक्यात राहत नाही. मामा, बघा ना, तिथे लिहिलंय का?"

तिने फळ्याकडे बोट केलं. सूचना मराठीत होती, तिला ती वाचता येणार नव्हती. आमच्या दोघींत ती फक्त मलाच वाचता येत होती.

टेबलावर आवक ट्रे होता. शिक्का होता. पाकीट घेऊन ट्रेमध्ये टाकलं असतं तरी पुरलं असतं.

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "मला वाचता येतं का? सोमवारी ये. सोमवारी मॅडम असतील."

"सोमवारी चालेल?"

"मॅडम आल्याशिवाय काही होत नाही इथे. तुला ठाऊक आहे ना, मॅडम तुझ्या आहेत."

ते शेवटचं तिला कळलं की नाही, देव जाणे. ती "थँक्यू, मामा" म्हणाली आणि पाकीट छातीशी धरून निघून गेली. मी जाऊन खिडकी सताड उघडली. एवढा उजेड आला. स्टुलावर बसून वही काढली. एक ओळही वाचली नाही.

सोमवारी सकाळी भाऊसाहेबांनी पाकीट परत केलं. "मुदत शुक्रवारी संपली."

"मी शुक्रवारी आले होते," रेहेमा म्हणाली. "मामांनी सांगितलं, सोमवारी ये."

मॅडम, भाऊसाहेब, दोघंही माझ्याकडे वळले.

"काय हो कुंजीरबाई?"

"शुक्रवारी कुणी आलं नव्हतं," मी म्हटलं.

एकदा बोलल्यावर ते वाक्य आपोआप खरं व्हायला लागलं. भाऊसाहेब म्हणाले, "पोरी येत नाहीत वेळेवर आणि मग आळ शिपायांवर." मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाचता येतं हे साऱ्या जगात त्यांना एकट्यांनाच माहीत होतं. त्या ते कुणापुढे बोलल्या असत्या तर माझी धडगत नव्हती. त्या बोलल्या नाहीत. त्या दिवशी दीड वाजता त्यांनी डबा उघडलाच नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावलं. मॅडमनी तीनदा विनंती केल्यावर. प्राचार्य सर माणूस म्हणून वाईट नव्हते. सर म्हणाले, "देवस्थळीबाई, मुदत मी मोडणार नाही. उद्या दहा जण येतील. पण ही मुलगी खरंच वीस तारखेला अर्ज घेऊन आली होती असं सिद्ध झालं, तर चूक आपली. मग मी अर्ज मुदतीत धरेन."

त्यांनी रेहेमाला इंग्रजीत विचारलं. ती खाली मान घालून बराच वेळ बोलली. सरांनी पेन खाली ठेवलं. "सांगा यांना मराठीत," ते मॅडमना म्हणाले.

मॅडमचा आवाज कोरडा होता. "ती म्हणते, मला तो शुक्रवार वाटत होता. पण मामा म्हणतात कुणी आलं नाही. मामा मोठ्या आहेत, त्या खोटं सांगणार नाहीत. माझं डोकं हल्ली दिवस उलटेसुलटे करतं. मी शनिवारी बंद दारावर गेले असेन आणि मला वाटलं असेल की कुणी भेटलं. माझ्या डोक्यावर आता माझाच भरवसा नाही. मी घरी जाते."

सरांनी फाइल मिटली. "मग प्रश्नच मिटला."

रेहेमा उठली. सरांना नमस्कार केला. माझ्याजवळून जाताना तिने मान वर केली आणि तिचे ओठ हलले. तेच शिकामो म्हणणार होती ती. आत्ताही.

"सर," मी म्हटलं, "ती आली होती."

"काय?"

"शुक्रवारी साडेतीनला आली होती. पाकीट घेऊन. मी परत पाठवलं."

"अहो, तुम्हीच तर म्हणालात, कुणी आलं नाही!" भाऊसाहेब खुर्चीतून उठले. "सर, पंधरा दिवसांनी हे उगवतंय. यांना कॅलेंडर वाचता येत नाही. शुक्रवार होता का शनिवार, कशावरून सांगणार या? पोरीचं रडं बघून पाझर फुटला, झालं."

"तसं असेल तर मला हे धरता येणार नाही, बाई," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तारखेचा प्रश्न आहे. तुम्हाला ती वीस तारीख होती हे कसं माहीत?"

"फळ्यावर वाचलं."

भाऊसाहेब हसले. मग कुणीच हसत नाही असं बघून थांबले.

"वीस सप्टेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत," मी म्हटलं. "आणि खाली, त्यानंतर आलेला अर्ज कोणत्याही कारणास्तव स्वीकारू नये."

हे म्हणताना मी मॅडमकडे बघितलं नाही. त्यांनी ऐकायची राहिलेली ती ओळ होती.

"पाठ केलंय सर," भाऊसाहेब म्हणाले. "कुणीतरी पढवलंय. कुणी ते मी बोलत नाही." आणि मॅडमकडे बघून बोलले. "सहा वर्षं अंगठा घेतोय मी यांचा, रोज सकाळी, स्वतःच्या हाताने."

सरांनी टेबलावरचा एक कागद उचलला आणि माझ्यापुढे धरला. "हे वाचा."

कागद मी कधी बघितला नव्हता. बारीक टाइप केलेला. मी तो टेबलावर ठेवला आणि ओळीखाली बोट धरलं. "सर्व... कर्मचाऱ्यांना... कळविण्यात येते की... रविवारी... पिण्याच्या पाण्याच्या... टाकीची... सफाई व नि... निर्..." पुढे एक भलं मोठं जोडाक्षरांचं झाड होतं. मी बोट पुढे सरकवलं. "निर्... जंतु... की... करण." मी श्वास घेतला. "निर्जंतुकीकरण करण्यात येणार आहे."

"पुरे," सर म्हणाले.

"अजून एक ओळ आहे."

"पुरे, बाई." त्यांनी कागद काढून घेतला. "म्हणजे त्या दिवशी शेवटची तारीख आहे हे तुम्ही वाचलं होतं. कळलं होतं. आणि तरी परत पाठवली?"

"हो."

"का?"

एवढ्या दिवसांत मी स्वतःला हे विचारलं नव्हतं. डोकं खाजवून काही चांगलं सांगण्याजोगं मिळेना. जे होतं तेच तोंडातून आलं.

"मॅडम खिडकी लावायच्या."

सरांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी खांदे उडवले. "काय म्हणतायत या?"

मॅडमनी मात्र तोंडावर हात ठेवला होता.

"मला सगळं लिहून द्या," सर म्हणाले. "जबाब. गायधनी, तुम्ही लिहा, त्या अंगठा..." आणि मधेच थांबले. "नाही. तुम्हीच लिहा, बाई."

मला खुर्ची दिली. पाऊण तास लागला. 'रेहेमा वीस तारखेला दुपारी अर्ज घेऊन आली होती. मला तारीख वाचता येत होती. मी घेतला नाही. तिची चूक नाही.' खाली नाव, द्वारका बबन कुंजीर. दसऱ्यानंतर हजेरीपत्रकावर करायची म्हणून घोटून ठेवलेली सही मी त्या कागदावर पहिल्यांदा केली. रेहेमा तोवर भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. मॅडम तिला हळूहळू सगळं समजावत होत्या. एका वाक्याला तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा मिटले.

तिचा अर्ज मुदतीत धरला गेला. दोन विषय राहिले, दाखला मिळाला, राहण्याची मुदत वाढली. मला मेमो मिळाला आणि कायम होणं अडीच वर्षं लांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांनी पॅड पुढे केलं नाही. पेन ठेवलं. "करा सही," एवढंच म्हणाले. दारात कुणी उभं नव्हतं. मी सही केली आणि सवयीने अंगठा फडक्याला पुसला.

मॅडमनी मला पुन्हा शिकवायला घेतलं नाही. मी विचारलंही नाही. त्या रागवल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नीट बोलायच्या, "द्वारकाबाई, हे लायब्ररीत द्या, ते भाऊसाहेबांना द्या." एकदा मात्र स्टुलावर एक वर्तमानपत्र घडी करून ठेवलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नंतर रोज. कुणी ठेवलं ते मी विचारलं नाही.

रेहेमा दीड वाजता येतच होती. माझ्यासमोरून जायची, पण थांबायची नाही, गुडघे वाकवायची नाही. तिचा हक्कच होता तो. पण काय सांगू, तो एक शब्द रोज कानांवर पडायचा तेव्हा मला नकोसा झाला होता आणि आता दीड वाजला की मी हातातलं काम टाकून त्याची वाट बघायचे. पावलं यायची, पावलं जायची. कुणीतरी आपल्या पाया पडत होतं आणि आपण ते टेबल पुसता पुसता घालवलं, हे दर दुपारी नव्याने कळायचं.

दिवाळीची सुट्टी संपली. नोव्हेंबरातल्या एका दुपारी सव्वा वाजता मीच उठले, आतल्या खोलीत जाऊन खिडकी लावली, फटीतून उजेड येत होता तिथे माझं फडकं खोचलं. मॅडम डबा उघडत होत्या. त्यांनी बघितलं आणि मोसंबं बाहेर काढलं. मी वर्तमानपत्र घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसले. तिथे ऊन होतं.

रेहेमा आली. ओढणी डोळ्यांवर, चाल पूर्वीपेक्षा बरी. माझ्याजवळून पुढे गेली.

"मराहाबा," मी म्हटलं.

ती उंबऱ्यात थांबली. वळली. "मामा, मी काही म्हटलंच नाही."

"आज नाही म्हटलंस. आधीची उत्तरं राहिलीत माझ्याकडे."

तिने ओढणी थोडी वर केली आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग एक हात दाराच्या चौकटीवर ठेवून गुडघे किंचित वाकवले, आणि आत गेली.

आतून मॅडमचा आवाज आला, डिअर. पाठोपाठ मोसंबं सोलल्याचा वास. मला तेव्हाही लागलं ते, खोटं कशाला लिहू. मी वर्तमानपत्र उन्हाकडे धरलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.